ठिबकचं गणित आणि रखडणारा डीबग बिल्ड: इनलाइन फंक्शन समजून घेऊन वेग कसा मिळवायचा

रावेरकडचा एक विद्यार्थी मे महिन्यातल्या एका दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे जळगावला आला. घरी केळीची बाग, म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषयही त्यानं घरचाच निवडला होता. एक हेक्टर केळीत ठिबकच्या नळ्या टाकल्या तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी किती दाबानं पोचेल, हे सी प्लस प्लसमध्ये काढायचं. दीड बाय दीड मीटरवर लागवड धरली की हेक्टरी ४,४४४ झाडं होतात. झाडाला दोन ड्रिपर, म्हणजे ८,८८८ ड्रिपर. दाबावरून प्रवाह काढायचा, प्रवाह बदलला की नळीतली दाबाची घट बदलते, घट बदलली की दाब पुन्हा बदलतो. म्हणून एका मांडणीसाठी हे गणित २०० वेळा फिरवायचं. नळीचे ५ व्यास, पंपाचे १० दाब आणि जमिनीचे ३० चढ मिळून १,५०० मांडण्या.

रिलीज बिल्ड (वेगासाठी तयार केलेला प्रोग्राम) पाणी पिऊन येईपर्यंत उत्तर द्यायचा, पण शेवटाकडच्या मांडण्यांत आकड्यांच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्याच नाही’) उमटायचं. चूक शोधायला डीबग बिल्ड (ओळीओळीवर थांबवून तपासता येणारा) चालवला तर जेवण उरकलं तरी तो अर्ध्यातच. मी म्हटलं, इनपुट लहान कर, फक्त बिघडलेली मांडणी चालव. चूक शोधताना पहिला उपाय हाच करावा. पण त्याचा प्रोग्राम एका मांडणीचं उत्तर पुढच्या मांडणीची सुरुवात म्हणून वापरत होता, त्यामुळे मधूनच सुरू केलं की चूक दिसायचीच नाही. वैतागून त्यानं विचारलं, “दादा, हाई इतलं हयू काब्र चाली राहिनं?” म्हणजे, हे इतकं हळू का चालतंय?

त्या दुपारी आम्ही जे केलं ते इथं क्रमानं लिहितो. डीबग बिल्ड हळूच असणार असं समजून अनेक जण गप्प बसतात. मग हळूहळू डीबगर उघडणंच थांबतं आणि चुका ओळीओळीत छापून शोधल्या जातात. मला हे पटत नाही. डीबग बिल्डचा वेग मिळवता येतो, आणि त्याची रीत अशी: जी फंक्शनं तुम्ही कधी उघडून पाहणार नाही त्यांना वेग द्या, जी पाहायची आहेत ती जशीच्या तशी ठेवा.

(कंपायलर म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याला द्यायचे पर्याय, म्हणजे फ्लॅग, मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा. ‘-ओ०’, ‘-ओ२’ यातला ‘ओ’ कॅपिटल आणि पुढचा अंक. ‘-ओ०’ म्हणजे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे बदल) बंद, ‘-ओ२’ म्हणजे भरपूर. ‘-ओजी’ मध्ये ‘ओ’ कॅपिटल, ‘जी’ लहान.)

नेमकं हळू काय होतं

फंक्शन बोलावणं फुकट नसतं. आर्ग्युमेंटं ठरलेल्या रजिस्टरांत ठेवायची, परतीचा पत्ता स्टॅकवर टाकायचा, उडी मारायची, तिथं स्वतःसाठी स्टॅकवर जागा करायची, काम झाल्यावर ती सोडायची आणि परत यायचं. फंक्शन मोठं असेल तर हा खर्च कामाच्या मानानं नगण्य. पण आतलं काम एका बेरजेचं असेल तर काम कमी आणि जाणं-येणंच जास्त. घड कापणाऱ्या माणसानं दर झाडानंतर बांधावर येऊन मुकादमाला ‘पुढचं झाड कोणतं?’ असं विचारावं, तसं.

इनलाइनिंग म्हणजे फंक्शनचा मजकूर बोलावणाऱ्या जागीच उतरवणं. जाणं-येणं वाचतं, पण खरा फायदा पुढचा आहे: मजकूर एकत्र दिसू लागला की कंपायलरला आजूबाजूचं दिसतं. न बदलणारा हिशेब लूपबाहेर काढता येतो, व्हेरिएबल रजिस्टरात ठेवता येतं, कधी सगळा लूपच वेगळ्या रीतीनं बांधता येतो.

‘-ओ०’ वर जीसीसी हा कंपायलर हे करत नाही. ज्या फंक्शनवर ‘ऑलवेज इनलाइन’ हा (‘उतरवच’ असं सांगणारा) अ‍ॅट्रिब्यूट आहे तेवढंच उतरवतो, बाकी प्रत्येक ठिकाणी खरी उडी. शिवाय प्रत्येक व्हेरिएबलची जागा मेमरीत. प्रत्येक वाक्याला किंमत मेमरीतून आणायची आणि वाक्य संपलं की परत लिहायची. हे मुद्दाम केलेलं आहे. त्यामुळेच कुठल्याही ओळीवर थांबून व्हेरिएबलची किंमत बघता येते आणि हातानं बदलताही येते.

आता त्याचा लूप बघा. ‘ड्रिपरच्या यादीतल्या प्रत्येकासाठी’ असा सी प्लस प्लसचा सुटसुटीत फॉर लूप. दिसायला एक ओळ. आत मात्र दर फेरीला तीन फंक्शनं: ‘संपलं का?’ ही तुलना, ‘सध्याचा घटक दे’, आणि ‘पुढे सरक’. जीसीसीच्या स्टँडर्ड लायब्ररीत तुलनेचं फंक्शन आतला पॉइंटर काढायला आणखी एक फंक्शन दोनदा बोलावतं. म्हणजे पाच. ८,८८८ ड्रिपर गुणिले २०० फेऱ्या म्हणजे १७,७७,६००. गुणिले पाच म्हणजे ८८,८८,०००. गुणिले १,५०० मांडण्या म्हणजे १,३३३ कोटींच्या वर. ठिबकच्या गणिताचं एकही अक्षर न चालवता, फक्त यादीवरून पुढे सरकायला इतक्या वेळा जाणं-येणं. त्यात त्यानं प्रत्येक ड्रिपर ‘युनिक पॉइंटर’ (मेमरी आपोआप सोडणारा स्मार्ट पॉइंटर) मध्ये ठेवला होता. बाणाच्या एका चिन्हामागे एकात एक अडकवलेली आणखी बरीच फंक्शनं असतात. रिलीज बिल्डमध्ये हे सगळं विरघळून जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी मोजा

अंदाजानं काही बदलू नका. लिनक्सवर ‘टाइम’ कमांडनं प्रोग्राम पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि सकाळचा आकडा दुपारी येत नाही. तुलना करायची तर दोन्ही बिल्ड पाठोपाठ चालवा.

मग वेळ कुठं जातो ते दाखवणारं ‘पर्फ’ घ्या: ‘पर्फ रेकॉर्ड’ कॉलच्या साखळीसकट (कोणी कोणाला बोलावलं त्या नोंदीसह) चालवा आणि ‘पर्फ रिपोर्ट’ बघा. ‘-ओ०’ वर फ्रेम पॉइंटर शाबूत असतो, त्यामुळे कोणी कोणाला बोलावलं ते नीट दिसतं. पुढे ऑप्टिमायझेशन चढवाल तेव्हा ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ स्वतः द्या, नाहीतर साखळी तुटते. आमच्या यादीत वरच्या जागांवर त्याचं स्वतःचं एकच फंक्शन होतं. बाकी इटरेटर (यादीवरून एकेक घटक पुढे सरकणारी वस्तू) आणि स्मार्ट पॉइंटरची फंक्शनं.

शंका उरली तर ‘ऑब्जडंप’ ला ‘-डी’ देऊन असेंब्ली बघा. असेंब्ली वाचता येत नसली तरी चालेल. लूपच्या पट्ट्यात ‘कॉल’ हा शब्द किती वेळा येतो तेवढं मोजा. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेल्या कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर डावीकडे कोड आणि उजवीकडे असेंब्ली रंग जुळवून दिसते. शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी तेच उघडून देतो.

पहिला उपाय: ‘-ओजी’

एकच शब्द बदलायचा असेल तर ‘-ओ०’ च्या जागी ‘-ओजी -जी’ लिहा (‘-जी’ नं डीबगरला लागणारी माहिती ठेवली जाते). जीसीसीच्या ४.८ या आवृत्तीत, २०१३ साली, हा स्तर आला. डीबगिंगला फार अडथळा न आणणारी ऑप्टिमायझेशनं तो चालवतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये मात्र ‘-ओजी’ म्हणजे जवळपास ‘-ओ१’ च, तेव्हा दोन्ही कंपायलरकडून सारखं वागणं अपेक्षित धरू नका.

याची किंमतही आहे. डीबगरमध्ये एखाद्या व्हेरिएबलची किंमत विचारली की ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असं उत्तर येऊ शकतं, आणि पुढच्या ओळीवर जायला सांगितलं तर मागे उडी बसते. नेमकं हवं ते व्हेरिएबल गायब असेल तेव्हा हे फार जाचतं. म्हणून सरसकट सगळ्यावर ‘-ओजी’ लावून थांबणं मला पुरेसं वाटत नाही.

दुसरा उपाय: भाग पाडा

सगळ्यात जास्त फळ इथं मिळतं, म्हणून इथं वेळ द्या. प्रोग्राममध्ये तुम्ही आज शोधत असलेली चूक सगळीकडे नसते. फाइल वाचणं, मॅट्रिक्स सोडवणं, बाहेरून आणलेली लायब्ररी यांवर तुमचा विश्वास बसलेला असतो. ते ‘-ओ२’ वर बांधा, म्हणजे बिल्ड करा. संशयाचा भाग तेवढा ‘-ओ०’ वर.

सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) वापरत असाल तर विश्वासाचा भाग वेगळं लायब्ररी टार्गेट करा आणि ‘टार्गेट कंपाइल ऑप्शन्स’ मध्ये त्याला ‘-ओ२’ द्या. एखाद्याच फाइलपुरतं हवं असेल तर ‘सेट सोर्स फाइल्स प्रॉपर्टीज’ वापरा. उलटही करता येतं: सगळं ‘-ओ२’ वर ठेवून एकाच फंक्शनचं ऑप्टिमायझेशन बंद करायचं. क्लँगमध्ये ‘ऑप्टनन’ अ‍ॅट्रिब्यूट आहे, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘प्रॅग्मा ऑप्टिमाइझ’. जीसीसीच्या ‘ऑप्टिमाइझ’ अ‍ॅट्रिब्यूटबद्दल त्यांच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तो डीबगिंगपुरता वापरा, कायमच्या कोडमध्ये नको.

इथं एक खड्डा आहे. हेडरमधली टेम्प्लेट फंक्शनं ज्या-ज्या फाइलमध्ये वापरली जातात तिथं त्यांची वेगळी प्रत तयार होते, आणि शेवटी लिंकर (तयार फाइली जोडणारा प्रोग्राम) त्यातली एकच ठेवतो. समजा तुमच्या ‘-ओ२’ च्या फाइलमध्ये व्हेक्टरचं एखादं फंक्शन इनलाइन झालं नाही. लिंकरनं ‘-ओ०’ च्या फाइलमधली प्रत उचलली तर वेगवान भागही त्याच मंद प्रतीला बोलावत राहतो. वेग अपेक्षेपेक्षा कमी वाढला तर आधी ही शंका घ्या. पर्फमध्ये ते फंक्शन स्वतंत्र नावानं दिसलं की समजायचं. सर्वांत आतल्या लूपसाठी याचं सरळ उत्तर म्हणजे व्हेक्टरचा कच्चा पॉइंटर आधी काढून घेणं आणि साध्या अंकानं फिरणं. त्यात बोलावण्यासारखं काही उरतच नाही. सगळीकडे असं लिहू नका, पर्फनं बोट दाखवलेल्या दोन-तीन लूपांतच लिहा.

दुसरा खड्डा सीमेकच्या ‘रेलविथडेबइन्फो’ या तयार प्रकाराचा. डीबग माहिती आणि ‘-ओ२’ दोन्ही मिळतात म्हणून लोक तो निवडतात. पण त्यात ‘एनडीबग’ ही व्याख्याही असते, आणि ती असली की तुमचे सगळे ‘असर्ट’ (अट मोडली की प्रोग्राम थांबवणाऱ्या ओळी) कोडमधून नाहीसे होतात. डीबगिंगसाठी बांधताय तर ती व्याख्या काढा. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीवर गाडी येणार आहे.

तिसरा उपाय: ‘ऑलवेज इनलाइन’

आधी एक गैरसमज दूर करतो. सी प्लस प्लसमधला ‘इनलाइन’ हा शब्द लिहिला म्हणजे फंक्शन उतरवलं जातंच असं नाही. आज त्याचं मुख्य काम म्हणजे एकच व्याख्या अनेक फाइलींत असण्याला परवानगी देणं. कंपायलरला ती फार तर सूचना. ‘-ओ०’ वर जीसीसी ती सूचना मानत नाही.

‘ऑलवेज इनलाइन’ अ‍ॅट्रिब्यूट मात्र ‘-ओ०’ वरही पाळला जातो. एका ओळीची, नुसती किंमत परत देणारी फंक्शनं, व्हेक्टरच्या कंसासारखी तुमची स्वतःची ऑपरेटर फंक्शनं, एककं बदलणारी लहान गणितं यांना तो शोभतो. त्या विद्यार्थ्याच्या ड्रिपर वर्गात दाब, प्रवाह, उंची देणारी अशी सात फंक्शनं होती. त्यांना लावला.

पण अपेक्षा माफक ठेवा. ‘-ओ०’ वर उतरवलेल्या फंक्शनची आर्ग्युमेंटं आणि आतली व्हेरिएबलं तरीही मेमरीतच बसतात. उडी वाचते, मेमरीची ये-जा राहते. आणि मोठ्या फंक्शनला हा अ‍ॅट्रिब्यूट लावला तर रिलीज बिल्डचं नुकसान होतं: तोच मजकूर पन्नास जागी उतरतो, फाइल फुगते, प्रोसेसरच्या सूचना-कॅशमध्ये गर्दी होते. कंपायलर रिलीजमध्ये हा निर्णय साधारणपणे आपल्यापेक्षा बरा घेतो. चार-पाच ओळींपुढच्या फंक्शनला मी हात लावत नाही.

स्टँडर्ड लायब्ररीतल्या ‘मूव्ह’, ‘फॉरवर्ड’ यांसारख्या फंक्शनांना तर काही कामच नसतं, ती नुसता प्रकार बदलतात. २०२२ साली आलेल्या क्लँग १५ पासून कंपायलर त्यांना स्वतःच ओळखतो आणि बोलावणं टाळतो. त्याच वर्षीच्या जीसीसी १२ मध्ये ‘-एफफोल्ड-सिंपल-इनलाइन्स’ आहे, डीबग बिल्डला तो स्वतः द्या. जुना कंपायलर वापरत असाल तर नुसता तो बदलल्यानंही फरक पडतो. उलट दिशेची एक गोष्ट: जीसीसी १५ पासून ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलं की लायब्ररीतल्या तपासण्या आपोआप चालू होतात. कंपायलर बदलल्यावर डीबग बिल्ड किंचित मंदावला तर कारण हे असू शकतं. त्या तपासण्या चालू राहू द्या, त्या सीमेबाहेरचा इंडेक्स पकडतात.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा डीबग बिल्ड ‘/ओबी०’ वर, म्हणजे इनलाइनिंग बंद ठेवून, असतो आणि त्यावर ‘फोर्सइनलाइन’ लिहिलेलं फंक्शनही उतरत नाही. तेव्हा आधी ‘/ओबी१’ करा. मग ‘इनलाइन’ म्हटलेली आणि वर्गाच्या आतच लिहिलेली फंक्शनं उतरू लागतात, बाकी ‘/ओडी’ (ऑप्टिमायझेशन बंद) तसंच राहतं. ‘/जेएमसी’ हा ‘फक्त माझा कोड’ दाखवणारा पर्याय दर फंक्शनच्या सुरुवातीला एक तपासणी घालतो. गरज नसेल तर बंद करा.

सर्वांत जड असते ती ‘इटरेटर डीबग लेव्हल’. डीबगमध्ये ती २ असते आणि प्रत्येक इटरेटरची नोंद ठेवली जाते. ती १ किंवा ० केली तर खूप फरक पडतो, पण प्रोग्राममधल्या प्रत्येक फाइलला आणि जोडलेल्या प्रत्येक लायब्ररीला तोच अंक हवा. नाहीतर लिंकर जुळत नाही म्हणून थांबतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१४ आवृत्तीत, २०२५ साली, ‘डायनॅमिक डीबगिंग’ आलं. ऑप्टिमाइझ केलेला प्रोग्राम चालतो आणि जिथं थांबाल तेवढं फंक्शन बिनऑप्टिमाइझ प्रतीत उघडतं. दिशा अगदी योग्य आहे.

रस्ट आणि गो

रस्टमध्ये ‘डेव्ह’ प्रोफाइल स्तर ० वर आणि ‘रिलीज’ ३ वर असतं. इटरेटरची लांब साखळी लिहिणाऱ्यांना हे फार टोचतं. ‘कार्गो डॉट टॉमल’ मध्ये डेव्ह प्रोफाइलच्या पॅकेज विभागात तारा चिन्ह घालून ‘ऑप्ट-लेव्हल’ ३ करा. २०२० च्या जानेवारीत आलेल्या रस्ट १.४१ पासून हे चालतं. बाहेरची सगळी क्रेट (रस्टची पॅकेजं) वेगानं, तुमची स्वतःची डीबगमध्ये. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जेनेरिक फंक्शन जिथं वापरलं तिथं तयार होतं, म्हणून बाहेरच्या क्रेटचं जेनेरिक तुमच्या क्रेटच्या स्तरावरच बांधलं जाऊ शकतं. मग स्वतःच्या क्रेटलाही स्तर १ देऊन बघा.

गोमध्ये वेगळा डीबग बिल्ड नाही, साधा बिल्डच ऑप्टिमाइझ केलेला असतो. डेल्व्ह डीबगर मात्र बांधताना ‘-एन -एल’ देतो: पहिल्यानं ऑप्टिमायझेशन बंद, दुसऱ्यानं इनलाइनिंग बंद. काय उतरवलं जातं ते ‘-एम’ देऊन छापून घेता येतं.

डीबगरमध्ये वावरताना

इनलाइन झालेलं फंक्शन डीबगरमधून पुसलं जात नाही. डीबग माहितीत त्याची नोंद राहते आणि जीडीबी हा डीबगर साखळीत त्याची फ्रेम दाखवतो. त्यावर ब्रेकपॉइंट लावला तर ‘अनेक जागा’ असं सांगतो, कारण मजकूर तितक्या जागी आहे. ‘फिनिश’ दिल्यावर परत आलेली किंमत मात्र तो दाखवू शकत नाही. लायब्ररीच्या फंक्शनांत पुन्हा पुन्हा पाय अडकत असेल तर ‘स्किप’ कमांडला लायब्ररीच्या हेडरांचा रस्ता द्या.

आणि अटीचा ब्रेकपॉइंट जपून वापरा. ‘दाब शून्याखाली गेला तर थांब’ असं जीडीबीला सांगितलं की तो प्रत्येक वेळी प्रोग्राम थांबवतो, अट तपासतो आणि पुन्हा सोडतो. एका मांडणीत १७ लाख वेळा हे झालं तर वाचवलेला सगळा वेग तिथंच गेला. त्यापेक्षा अट कोडमध्येच ‘इफ’ म्हणून लिहा आणि आतल्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट ठेवा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावणार असाल तर तोही ‘-ओ१’ सोबत लावा. त्यानं साधारण दुपटीनं वेळ वाढतो, ‘-ओ०’ वर चढवला तर सोसवत नाही.

त्या दुपारी आम्ही फाइल वाचणं आणि नळीच्या घटीचं गणित ‘-ओ२’ वर नेलं, ड्रिपरच्या लहान फंक्शनांना अ‍ॅट्रिब्यूट लावला, आतला लूप साध्या अंकावर आणला आणि प्रवाह काढणारी फाइल तेवढी ‘-ओ०’ वर ठेवली. ‘एनडीबग’ कुठंही नाही. चहा संपायच्या आत प्रोग्राम त्याच्या स्वतःच्याच एका ‘असर्ट’ वर थांबला. ‘दाब ऋण नसावा’ असं त्यानं सहा महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. रिलीजमध्ये ती ओळ अस्तित्वातच नव्हती, आणि डीबग बिल्ड तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

चढ मोठा होता. पहिल्या फेरीत मागच्या मांडणीचाच प्रवाह धरल्यामुळे नळीतली घट पंपाच्या दाबापेक्षा जास्त निघत होती. टोकाच्या ड्रिपरवर ऋण दाब, ऋण संख्येचा ०.५ घात, उत्तर ‘नॅन’, आणि तेच पुढच्या मांडणीची सुरुवात. प्रत्यक्ष शेतात दाब नसला तर ड्रिपर ठिबकत नाही, एवढंच. त्यानं दाब शून्याच्या खाली गेला तर प्रवाह शून्य धरला आणि पुन्हा चालवलं. १,५०० च्या १,५०० मांडण्यांना आकडे आले. शेवटच्या चढावरच्या आकड्यांकडे तो बराच वेळ बघत बसला, मग घरी फोन लावून विचारलं की वरच्या बांधाकडच्या झाडांना पाणी खरंच कमी पडतं का.